बारसं, नायगारा आणि ११४० पट झूम

अमेरिकेतल्या लेकीचं बाळंतपण ठरलं की घरात तीन याद्या होतात. पहिली डिंकाच्या लाडवांची, दुसरी व्हिसाच्या कागदांची. तिसरीत ‘एक चांगला हँडीकॅम’ एवढंच लिहिलेलं असतं आणि तीच बाकी दोघींना पुरून उरते.

‘फोन आहे की!’ असं म्हणणारा भाचा प्रत्येक घरात असतो. त्याचं अगदीच चूक नाही; दारात पडलेला बर्फ दाखवायला फोन पुरतो. पण ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ चालू असताना नेमका मावशीचा व्हॉट्सॲप कॉल येतो आणि बाळाचं नाव ठरण्याआधीच रेकॉर्डिंग थांबतं. मग कुणीतरी डीएसएलआर, म्हणजे भिंग बदलता येणारा फोटोचा मोठा कॅमेरा, सुचवतो. त्यातले जुने कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंद झाली की आपणहून बंद पडतात. अर्ध्या तासाच्या वर चित्रीकरण करणारं यंत्र युरोपात ‘व्हिडिओ कॅमेरा’ ठरायचं आणि त्यावर जादा जकात बसायची, म्हणून कंपन्यांनी एक सेकंद अलीकडेच थांबायचं ठरवलं. न्यू जर्सीतल्या बारशाला युरोपची जकात आडवी येते ती अशी.

तेव्हा हँडीकॅमच. दुकानात आता मॉडेलं मोजकीच उरलीत, त्यामुळे गोंधळ कमी व्हायला हवा होता. पण खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं: ११४० पट झूम! यातला खरा, भिंगाचा म्हणजे ऑप्टिकल झूम ३२ पट. वरचा सगळा डिजिटल, म्हणजे आहे तेच चित्र कणकेसारखं ताणायचं. ताणलेल्या चित्रात ग्रँड कॅन्यनच्या पलीकडच्या कड्यावरचा माणूस दिसत नाही, चौकोनी ठिपके दिसतात. घरी आणल्याबरोबर मेन्यूत जाऊन डिजिटल झूम बंद करावा. माझ्या मते हँडीकॅमचं बारसं यानेच करावं.

कुणी विचारत नाही असा आकडा दुसऱ्या टोकाला असतो: झूम न करता किती रुंद दिसतं? माहितीपत्रकात तो ‘३५ मिमीच्या तुलनेत’ असा दिलेला असतो. ३८.५ मिमीचा कॅमेरा तीन मीटरवरून जेमतेम पावणेतीन मीटर रुंदी टिपतो, २६.८ मिमीचा चार मीटर. तिथल्या अपार्टमेंटच्या दिवाणखान्यात तीन मीटर मागे सरकलं की पाठीला फ्रिज लागतो. पहिल्या कॅमेऱ्यात पाळणा येतो, बाळ येतं, नाव ठेवणारी आत्या अर्धी कापली जाते. हा कॅमेरा पुढे वीस वर्षं कुणाच्या नावाने ओळखला जाईल हे सांगायला नको.

हात थरथरतो त्याचा बंदोबस्तही दोन प्रकारचा असतो. ऑप्टिकलमध्ये भिंगच हलून धक्का खातं. इलेक्ट्रॉनिकमध्ये चित्राच्या कडा छाटून मधला भाग स्थिर ठेवतात, म्हणजे आत्या आणखी थोडी कापली जाते. साठीच्या पुढच्या हातांसाठी ऑप्टिकलच घ्यावं.

आता हिशेब. फुल एचडी चित्रीकरणाचे सेकंदाला ५० मेगाबिटच्या दराने तासाला सुमारे २२.५ जीबी होतात, त्याहून बारकाईच्या फोर-केचे १०० मेगाबिटच्या दराने ४५. रोज दहा मिनिटं म्हटलं तरी सहा महिन्यांत तीस तास, म्हणजे फुल एचडीतच पावणेसातशे जीबी. फोर-केचा हट्ट असेल तर आकडा दुप्पट करा आणि जावयाचा लॅपटॉप किती जुना आहे तेही विचारून घ्या. मेमरी कार्डावर ‘यू ३’ किंवा ‘व्ही ३०’ ही वेगाची खूण पाहावी. हळू कार्डावर रेकॉर्डिंग मध्येच थांबतं. ६४ जीबीची दोन कार्डं, शिवाय एक टेराबाइटची हार्ड डिस्क, आणि तिची नक्कल दुसऱ्या डिस्कवर. मूळ डिस्क हातसामानात असेल तर नक्कल चेक-इन बॅगेत टाकावी. सुट्या बॅटऱ्या मात्र हातसामानातच, टोकांना चिकटपट्टी लावून. चेक-इन बॅगेत त्या चालत नाहीत. खोक्यावरचा ‘सतत चित्रीकरण’ हा काळ निम्मा धरावा, कारण चालू-बंद आणि झूम करण्यात बाकीचा जातो. चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर ट्रान्सफॉर्मर विकणाऱ्याला नमस्कार करून नुसती चपट्या दोन पायांची पिन घ्यावी.

विजेची खरी गंमत पुढे आहे. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची, तिकडे ६०ची, आणि ट्यूबलाइटी व स्वस्त एलईडी त्याच्या दुप्पट वेगाने लुकलुकतात. इथला सेकंदाला ५० फ्रेमचा (चित्रांचा) कॅमेरा तिथल्या बेसमेंटमधल्या गणपतीसमोर धरला की आरतीभर चित्र फडफडतं. उपाय: शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला उजेड मिळण्याचा वेळ, मेन्यूतून हाताने १/६० सेकंदावर ठेवा. तिकडून घेतलेला ६० फ्रेमचा कॅमेरा आपल्या मंगल कार्यालयात असाच वागतो, तिथे १/१००. म्हणूनही, आणि वॉरंटी इथेच उपयोगी पडते म्हणूनही, खरेदी निघण्याआधी दोन महिने इथेच करावी. महागडा कॅमेरा नेत असाल तर निघताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावं, नाहीतर परतताना आपलाच कॅमेरा आपला आहे हे पटवत बसावं लागतं.

नायगाराला अमेरिकेच्या बाजूच्या बोटीवर निळा प्लास्टिकचा रेनकोट माणसाला मिळतो, कॅमेऱ्याला नाही. हॉटेलातली शॉवर कॅप त्याच्या अंगावर चढवावी, फक्त भिंग उघडं. भिंगावर थेंब पडला की मऊ मायक्रोफायबरने टिपायचा. पदराने पुसलेल्या भिंगावरचे ओरखडे पुढच्या सगळ्या प्रवासात दिसतात. वाऱ्याचा घोंघाट कमी करायला मेन्यूत ‘विंड कट’ असतो. धबधब्याचा आवाज मात्र कमी करता येत नाही आणि ‘अहो, इकडे बघा’ हा आवाज त्याच्याही वर येतो, कारण बोलणारी व्यक्ती मायक्रोफोनपासून वीतभर अंतरावर असते.

थंडीत बॅटरी आतल्या खिशात ठेवावी, गार पडली की ती लवकर मान टाकते. उणे तापमानातून घरात येताना कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करून तासभर तसाच ठेवावा. म्हणजे दव पिशवीवर साचतं, भिंगात नाही.

राहिला लाल ठिपका. लाल म्हणजे चालू, ‘एसटीबीवाय’ (स्टँडबाय) म्हणजे चित्रीकरण बंद. एकदा बटण चुकून दोनदा दाबलं गेलं की गाडी उलटी धावते: पाळणा हलताना कॅमेरा बंद, आणि टेबलावर ठेवल्यावर चालू. अशा फितीत चाळीस मिनिटं खुर्चीचा एक पाय, दोनदा जावयाचे मोजे, आणि अगदी स्वच्छ आवाजात,

“अहो, बंद केलात ना?”

“केला, केला.”