आटे जुळेनात

भोसरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्स खात्यात काढल्यामुळे माझा एक समज पक्का झाला होता. कुठल्याही दोन वस्तू एकमेकींना जोडायच्या तर फक्त आटे जुळावे लागतात. पाऊण इंची पाइप अर्ध्या इंचाच्या कपलिंगात बसत नसेल तर मध्ये रिड्यूसर टाका. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. तरीही गळलं, तर आधीच्या शिफ्टला शिव्या घाला. यापलीकडचा प्रश्न नोकरीत कधी भेटला नाही. तो भेटला रिटायर झाल्यावर, कोथरूडला, घरच्या डायनिंग टेबलावर.

भाचा रविवारी जेवायला आला होता. त्याचं हिंजवडीत काहीतरी चालतं. काय ते आम्ही विचारत नाही, आणि तोही सांगत नाही. बासुंदीची दुसरी वाटी खाली ठेवून तो म्हणाला, “मामा, तुम्ही दिवसभर करता काय?”

पेन्शनरला हे विचारू नये. सकाळी पेपर वाचतो आणि दुपारी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल पेनानं खुणा करतो, हे उत्तर तोंडातून बाहेर पडताना फार केविलवाणं वाटतं.

“मग फॉरेक्स करा ना! परकीय चलनांची खरेदी-विक्री. ब्रोकरकडे अकाउंट उघडायचं, प्लॅटफॉर्म डाउनलोड करायचा, दोन्ही एकमेकांना जोडायचे. पाच मिनिटांचं काम.”

पाच मिनिटांचं काम म्हटल्यावर मी सावध व्हायला हवं होतं. आमच्या सोसायटीच्या लिफ्टचा माणूसही असंच म्हणून गेला होता आणि आम्ही पंधरा दिवस जिने चढलो. पण ‘जोडायचे’ हा शब्द कानावर पडला आणि माझ्यातला मेंटेनन्सवाला बाह्या सरसावून उठला.

भाच्यानं टिश्यू पेपरवर सगळा धंदा समजावला. युरो आणि डॉलरच्या भावात दशांशचिन्हानंतर चौथा आकडा एकानं हलला की एक पिप. एक स्टँडर्ड लॉट म्हणजे १,००,००० युरो, आणि त्यावर एका पिपला १० डॉलर. “एवढे पैसे कोणाकडे आहेत?” मी विचारलं. “लागतच नाहीत. लीव्हरेज आहे ना, एकास पाचशे. १०० डॉलर ठेवले की ५०,००० डॉलरचा सौदा!” लीव्हर म्हणजे पहार, एवढं मला कळतं. पाचशेपट लांब पहारीनं काय काय उचलता येईल हे भाचा सांगत होता. ती सटकली तर कुठे बसते, हे मेंटेनन्सवाल्याला सांगावं लागत नाही. हिशोब सरळ होता. भाव फक्त ०.२ टक्का उलटा गेला की १०० डॉलर स्वाहा. पण तेव्हा मला कमाईत रस नव्हताच. मला आटे जुळवायचे होते.

बायको शेजारी मेथी निवडत होती. ही लक्ष्मी रोडवरच्या एका बँकेतून रिटायर झाली. सही जुळत नाही म्हणून सख्ख्या दिराचा चेक परत पाठवणारी म्हणून ती आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. ती तेव्हा काही बोलली नाही. नुसतं एक पिवळं पान बाजूला काढलं.

ब्रोकर परदेशी होता. नेमका कुठला, ते वेबसाइटच्या तळाशी इतक्या बारीक अक्षरात होतं की मी भिंग घेऊनही अर्धवट सोडलं. त्यांना पत्त्याचा पुरावा हवा होता. लाइटबिल पाठवलं. उत्तर आलं, ‘डिअर, हे कोणत्या भाषेत आहे?’ मराठीत आहे, असं कळवलं. ‘डिअर, कृपया डॉक्युमेंट डिअर भाषेत पाठवा’ असं काहीतरी आलं. रात्री दीड वाजता त्यांच्याकडे कोण बसतं कोणास ठाऊक. पासपोर्ट पाठवला तर चारही कोपरे दिसत नाहीत म्हणून परत. शेवटी तो पोळपाटावर ठेवून, बाल्कनीत खुर्चीवर उभं राहून वरून फोटो काढला. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू आतून खास चष्मा घेऊन आल्या. एवढं झाल्यावर मात्र अकाउंट मंजूर झालं. पोळपाटाचे कोपरे मोजले असते तर अजून लटकलो असतो.

आता जोडणी. प्लॅटफॉर्म म्हणजे सौदे करायचं सॉफ्टवेअर, मेटाट्रेडर ४. हे २००५ सालचं. २०१० मध्ये ५ आलं तरी पुष्कळ लोक ४ सोडायला तयार नाहीत, हे कळल्यावर मला त्याच्याबद्दल आपुलकीच वाटली. आमच्याकडेही नवीन सीएनसी आल्यावर जुन्या लेथवरचा माणूस हलला नव्हता. लॉगिनची खिडकी उघडली. तीन रकाने : अकाउंट नंबर, पासवर्ड, सर्व्हर. ब्रोकरच्या ईमेलमध्ये तिन्ही गोष्टी होत्या. मी एकेक नीट उतरवून ओके दाबलं. उजव्या खालच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली, ‘इनव्हॅलिड अकाउंट’.

चष्मा पुसून पुन्हा टाइप केलं. इनव्हॅलिड. पासवर्डमध्ये एक उभी रेघ होती. ती इंग्रजी कॅपिटल आय, की स्मॉल एल, की एकचा आकडा? आणि शेवटचं गोल शून्य की ओ? मी कागदावर तक्ता केला, कारखान्यात बिघाड शोधताना करायचो तसा. तीन रेघा गुणिले दोन गोल, सहा शक्यता. सहाही करून पाहिल्या. सहाही इनव्हॅलिड. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, “मामा, टाइप कशाला करता, कॉपी-पेस्ट करा.” केलं. तेही इनव्हॅलिड! यातली गंमत दुसऱ्या दिवशी कळली. कॉपी करताना पासवर्डच्या शेवटी एक मोकळी जागा चिकटून येत होती. जी दिसत नाही, छापता येत नाही, अशी एक जागा माझी वाट अडवून बसली होती. पाइपात उंदीर अडकलेला मी काढलाय, पण तो निदान उंदीर होता.

ती मोकळी जागा पुसली. तरी इनव्हॅलिड. कारण सर्व्हर चुकीचा. त्या यादीत ब्रोकरच्या नावापुढे डेमो, लाइव्ह-१, लाइव्ह-२ असे सात-आठ सर्व्हर होते आणि मी पहिल्यापासून डेमोच्या, म्हणजे खोट्या पैशांच्या सरावाच्या, दारात उभा राहून लाइव्हची किल्ली फिरवत होतो. आमच्या सोसायटीतही ए आणि बी विंगचे फ्लॅट नंबर सारखेच आहेत आणि बी विंगमधले पाहुणे आमची बेल वाजवतात. त्यांच्यावर मी इतकी वर्षं उगाच खेकसलो.

बुधवारी रात्री योग्य सर्व्हर सापडला. गुरुवारी सकाळी सहाला उठून बसलो आणि वीज गेली. पुण्यात गुरुवारी महत्त्वाचं काम काढणाऱ्या माणसाला सहानुभूती मिळत नाही. बॅटरीवर लॅपटॉप चालला, पण राउटर बंद. खालच्या कोपऱ्यात नवीन मजकूर : ‘नो कनेक्शन’. त्या दिवशी मी घरात फिरताना हेच दोन शब्द इतक्यांदा म्हटले की दुपारी धुणंवाल्या मावशींनी विचारलं, “काका, गॅसचं का?”

संध्याकाळी वीज आली. नंबर, पासवर्ड, सर्व्हर, ओके. आणि कोपऱ्यातल्या बारक्या काड्या उभ्या राहिल्या! शेजारी येणाऱ्या-जाणाऱ्या डेटाचे, केबीचे आकडे पळायला लागले, पडद्यावर भाव लाल-निळे लुकलुकू लागले. बॉयलर पहिल्यांदा पेटल्यावर जसा आवाज व्हायचा तसा मी केला. बायको स्वयंपाकघरातून आली, बघितलं, आणि गेली. मी ‘न्यू ऑर्डर’चं बटन दाबायला गेलो तर ते मेलेलं, करड्या रंगाचं. दाबता येईना.

ईमेल पुन्हा वाचली. त्यात पासवर्ड दोन होते. एक मास्टर आणि दुसरा इन्व्हेस्टर. आपण गुंतवणूकदार आहोत अशी माझी प्रामाणिक समजूत, म्हणून मी इन्व्हेस्टरवाला टाकलेला. भाच्यानं सांगितलं की इन्व्हेस्टर पासवर्डनं फक्त बघता येतं, खरेदी-विक्री करता येत नाही. अकाउंट दुसऱ्याला दाखवायचं असेल तर तो द्यायचा. म्हणजे ‘वस्तूंना हात लावू नये, भाव विचारून वेळ घालवू नये’ ही पाटी यांनी पासवर्डमध्येच बसवली होती. हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपैकी कोणाचं तरी आजोळ सदाशिव पेठेत असणार.

शुक्रवार एका मुंजीत गेला. शनिवारी सकाळी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून मास्टर पासवर्ड टाकला. काड्या उभ्या. बटन जिवंत. पण भाव हलेनात. अर्धा तास आकडे जागेवर. मी लॅपटॉप बंद करून चालू केला, राउटर बंद करून चालू केला, घराचा मेन स्विच बंद करण्याच्या बेतात होतो तेवढ्यात भाच्याचा मेसेज आला, ‘मामा आज सॅटर्डे’. हा बाजार पाच दिवस चोवीस तास चालतो. न्यूयॉर्कमध्ये शुक्रवारची संध्याकाळ झाली की मिटतो, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे, आणि पुन्हा सोमवारी पहाटे आपण झोपेत असताना उघडतो. दुपारी एक ते चार बंद ठेवणाऱ्या गावातल्या माणसानं याला नावं ठेवू नयेत, म्हणून मी गप्प बसलो.

सोमवारी चार्टवर ‘वेटिंग फॉर अपडेट’ असं येऊन थांबलं. तेही निस्तरलं. माझ्या प्रकारच्या अकाउंटमध्ये चलनांच्या प्रत्येक जोडीच्या नावाला शेवटी एक ‘एम’ चिकटवलेला होता आणि मी बिनशेपटीची जोडी उघडून बसलो होतो. आता भाव पळत होते, बटन दाबत होतं, सगळे आटे जुळले होते. उरलं होतं फक्त पाइपात पाणी सोडणं. २०० डॉलर.

‘डिपॉझिट’ दाबलं. यूपीआयचा पर्याय आला. वा, म्हटलं, किती सोपं! क्यूआर कोड स्कॅन केला. फोनवर पैसे घेणाऱ्याचं नाव आलं. परराज्यातलं कुठलंसं फर्निचर मार्ट.

“पलंग घेताय?” मागून आवाज आला. चष्मा नाकावर, हातात विळी. बँकेत असताना लोक हिच्या काउंटरची रांग का टाळायचे ते त्या क्षणी कळलं.

“लोकल पेमेंट पार्टनर असेल त्यांचा.”

“डॉलरचा दलाल फर्निचरवाल्याच्या खात्यात रुपये घेतोय, आणि तुम्हाला काही वाटत नाही?” तिनं विळी खाली ठेवली. “फेमा. १९९९.”

परकीय चलनाच्या कायद्याचं नाव, पण कुलदैवताचं घ्यावं तसं घेतलं. मग खुर्ची ओढून बसली आणि सहा दिवस जे मी कोणाला विचारलं नव्हतं ते मला वीस मिनिटांत ऐकावं लागलं. माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, शिकायला, फिरायला, उपचाराला, शेअर घ्यायलासुद्धा. पण परदेशी दलालाकडे मार्जिन, म्हणजे सौद्याची अनामत, म्हणून ठेवायला नाही. शिवाय रिझर्व्ह बँक सप्टेंबर २०२२ पासून परवानगी नसलेल्या अशा प्लॅटफॉर्मची यादीच लावते. सुरुवातीला ३४ नावं होती, नंतर वाढत गेली. मी धडपडत ती यादी उघडली, वरून खाली बोट फिरवलं. आमचा ब्रोकर नव्हता!

“नाहीये! बघ!”

“खालचं वाचा.”

खाली लिहिलं होतं त्याचा मथितार्थ असा, की यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं समजू नये. बारीक अक्षरं मला सगळीकडूनच नडली.

“मग कायदेशीर करतो,” मी म्हटलं. “आपल्या एनएसईवर २००८ पासून डॉलर-रुपया चालतो. हजार डॉलरचा लॉट.”

“३ मे २०२४ पासून त्यालाही परकीय चलनात खरोखरचं येणं-देणं असावं लागतं. तुमचं काय आहे?”

मी विचार केला. “मुलीनं जर्मनीहून आणलेले पस्तीस युरो. कपाटातल्या डब्यात.”

“ते माझे आहेत.”

विषय संपला. पैसे गेले नाहीत, पण अकाउंट जोडलेलं राहिलं. सकाळी चहाबरोबर मी ते उघडतो, काड्या उभ्या आहेत का बघतो, केबीचे आकडे पळताना बघतो. शिल्लक : शून्य. इन्व्हेस्टर पासवर्डच टाकतो, मास्टरची गरज पडत नाही. भाचा म्हणतो, “मामा, याला काही अर्थ नाही.” त्यानं कधी स्वतःच्या हातानं बसवलेला पंप चालताना पाहिलेला नाही.

त्रास एकच उरला. ब्रोकरचा रिलेशनशिप मॅनेजर. तो रोज फोन करतो. हिंदीत बोलतो, मला ‘सरजी’ म्हणतो, आज भरलेत तर बोनस म्हणतो. परवा मी आंघोळीला गेलेलो असताना त्याचा फोन बायकोनं घेतला. बाथरूममधून मला एकच बाजू ऐकू येत होती.

“हां, बोलिए... पैसा भरना है, भरेंगे. पहले आपका नाम... पूरा नाम, पॅन कार्ड पे जैसा है वैसा... पॅन नंबर?... आपकी कंपनी को रिझर्व्ह बँक का लेटर मिला होगा ना, उसकी कॉपी... नहीं, व्हॉट्सअॅप नहीं, अटेस्टेड... पत्ते का प्रूफ? लाइटबिल चलेगा... और एक कॅन्सल्ड चेक. फर्निचर मार्ट का नहीं, आपका... हॅलो?... हॅलो?”

मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. “काय झालं?”

तिनं फोन टेबलावर ठेवला आणि मेथीची जुडी पुढे ओढली.

“नो कनेक्शन.”