वेळ दीडची आणि झोपही दीडचीच

आज डोकं लई फिरलंय म्हणून लिहायलेय. लांब पोस्टचा कंटाळा असेल त्यांनी पुढं सरकावं.

धाकट्या जावेच्या लेकराचा पहिला वाढदिवस पुढच्या आठवड्यात. बॅनरला आणि मोबाइलवरून पाठवायच्या आमंत्रणाला फोटो पाहिजेत. आमच्या लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका रस्त्यावरच्या स्टुडिओत गेलो. कोणता रस्ता ते सांगत नाही, भांडण नको. वेळ मिळाली दुपारी दीडची. आता हे लेकरू रोज एकला वरणभात खातं आणि दीडला डोळे चोळायला लागतं. हे घरातल्या सगळ्यांना माहीत. तरी दीडची वेळ घेतली, कारण फोटोवाल्याला चारला लग्नाची ऑर्डर होती.

जिरेटोप, अंगरखा, पेन्सिलनं काढलेली मिशी, मागं पुठ्ठ्याचा किल्ला. जिरेटोपाचा इलॅस्टिक हनुवटीखाली इतका रुतला की नंतर काढल्यावर तिथं लाल रेघ उमटली होती, चांगली बोटभर लांब. अंगरख्याची जरी मानेला टोचत होती, ते सारखं मान वाकडी करायलं होतं. आणि समोर चार माणसं टाळ्या वाजवत ओरडायलीत, "ए सोन्या, इकडं बघ! हस की रे!" त्यात पांढऱ्या छत्रीतून फ्लॅश उडाला आणि लेकरानं जो टाहो फोडला, बाहेरच्या पानटपरीवरचे लोक डोकावले.

मी म्हणलं, झोपू द्या जरा त्याला. तर फोटोवाला पोरगा म्हणतो, "काकू, दहा मिनिटाचं काम हाय, थोडं रडलं तर काय होतंय."

काय होतंय ते मला विचार बाबा.

आमच्या दिवाणखान्यात माझ्या थोरल्या लेकीचा एक फोटो लावलेला आहे. २०१३ चा, ती दीड वर्षाची होती तेव्हाचा. पिवळा फ्रॉक, दोन शेंड्या, गाल असे गुलाबी. येणारा-जाणारा म्हणतो, काय गोड फोटो आलाय! ते गाल गुलाबी कशानं झालेत ते मला माहीत आहे. पुढं सांगते.

आधी हे सांगा, आपण तयारी करतो म्हणजे नेमकं काय करतो? कपडे इस्त्री करतो, काजळ घालतो (डॉक्टर नको म्हणून सांगून थकले), पावडरचा थर देतो, नवे बूट कोंबतो. ही सगळी फोटोची तयारी. लेकराची कोणी करतच नाही. नवा ड्रेस आदल्या दोन दिवसांत घरात तासभर तरी घालून ठेवला की कुठं टोचतो ते कळतं. जरीच्या आतून जुनं मऊ सुती बनियन घालता येतं. टोपी घरी खेळायला दिली तर ते स्वतःच डोक्यावर ठेवून आरशात बघतं. आणि आठ-नऊ महिन्यांपासून पुढं लेकरं अनोळखी माणसाला बुजतात, हे काय नवीन आहे का? सख्खा मामा महिन्यानं आला तरी रडतात, इथं तर दाढीवाला माणूस डोळ्याला काळं यंत्र लावून अंगावर येतोय! पंधरा मिनिटं आधी जाऊन त्या खोलीत लेकराला नुसतं रांगू द्यावं, लाइट बघू द्यावा, घरची वाटी-चमचा वाजवू द्यावा. त्यासाठी काय पैसे पडतात?

आणखी एक. लहान बाळ दोन्ही हातांवर हनुवटी टेकवून झोपलंय, असे फोटो मोबाइलवर बघून आमच्या नात्यातल्या एकीनं वीस दिवसांच्या बाळाला घरी तसं बसवायला घेतलं होतं. अगं बाई, ते दोन फोटो जोडून केलेलं असतं! एकात डोकं धरलेलं, एकात हात धरलेले, आणि धरणाऱ्याचा हात नंतर पुसून टाकलेला. वीस दिवसांच्या बाळाची मान धरते का?

असो. मी भरकटले.

तर थोरलीचा फोटो. त्या दिवशी तीही अशीच स्टुलावर बसायला तयार नव्हती. बसवलं की ताठ व्हायची, पाय झाडायची. सासूबाई बाहेर थांबलेल्या, फोटोवाला घड्याळ बघायलेला, माझा पारा चढला आणि मी तिच्या गालावर चापट मारली. एकच, पण लागली. ती एकदम गप्प झाली. मोठे डोळे करून माझ्याकडं बघत राहिली आणि त्यानं तेवढ्यात बटण दाबलं. तोच फोटो. रात्री फ्रॉक काढला तर मांडीवर सुपारीएवढी गाठ, हात लावला की गरम. दोन दिवसांपूर्वी दीड वर्षाचा बूस्टर डोस दिला होता. बसलं की मांडी दुखत होती लेकराची. आणि डोस द्यायला मीच घेऊन गेले होते, मला आठवू नये?

म्हणून आज माझा आवाज चढला. दीर म्हणाले, "वहिनी, उगंच मोठं करू नका." असेल, मी मोठं केलं असेल. जावेचा तरी काय दोष, पहिलंच लेकरू आहे, हौस असते. आणि हौस नसावी असं मी म्हणत नाही. माझा लहानपणीचा एकच फोटो आहे, काकाच्या लग्नातला, त्यात मी तोंड फिरवलेलं आहे. मागून नुसती वेणी दिसते. फोटो पाहिजेत, मलाही पाहिजेत.

पण लेकराची वेळ बघून काढा ना. फोटोवाल्याला ठणकावून सांगा, सकाळी दहाला या म्हणावं, नाहीतर दुसरा बघतो. गिऱ्हाईक आपण आहोत. वर आजच इथून औशाच्या किल्ल्यात पण जाऊ म्हणत होते, दुपारच्या उन्हात, जिरेटोप घालून! ते मात्र मी होऊ दिलं नाही. लेकराला उचललं आणि सरळ रिक्षात बसले. पाच मिनिटात झोपलं. मिशी माझ्या पदराला पुसली गेली, अजून डाग निघाला नाही.

आता जाऊ बोलत नाही माझ्याशी. बोलेल उद्या. गुरुवारी सकाळी दहाची वेळ परत घेतलीय म्हणे दिरांनी, गपचूप.

हे लिहायले तेव्हा थोरली मागून वाचत होती. आठवीत आहे आता. तिला चापटीचं आज पहिल्यांदा कळलं. मी म्हणलं, काढून ठेवू का गं तो फोटो? तर म्हणाली, "राहू दे, फ्रॉक भारी हाय तो." आणि माझ्या पोस्टमधली दोन वेलांट्या चुकलेल्या दाखवून गेली.