मोठा आकडा दिसला म्हणून तो शब्द तुमच्या दुकानाचा होत नाही

लहान व्यावसायिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गूगलच्या शोधात वर येण्याचा एक फॉर्म्युला सारखा फिरत असतो. फुकटच्या टूलमध्ये सर्वांत जास्त शोधला जाणारा शब्द उचला, त्याला ‘बेस्ट’, ‘नियर मी’ आणि गावाचं नाव जोडा. मग तो दुकानाच्या नावात, कीवर्ड टॅगमध्ये (वेबपानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी) आणि प्रत्येक वसाहतीच्या वेगळ्या पानावर भरा. शून्य आकड्याचे शब्द सोडा. महिन्याभरात पहिला नंबर! छत्रपती संभाजीनगरातलं जळालेल्या मोटरचं वायंडिंग नव्याने भरून देणारं एखादं दुकान डोळ्यांसमोर ठेवून हे तपासू.

आधी आकडा. कोणता शब्द किती शोधला जातो हे दाखवणारा गूगलचा कीवर्ड प्लॅनर जाहिरातदारांसाठी बनवलेला आहे. खात्यातून जाहिरातीवर फारसा खर्च होत नसेल तर तो ‘१० ते १००’, ‘१०० ते १ हजार’ असे ढोबळ पट्टे दाखवतो. त्यात ठिकाण ‘भारत’ असंच राहिलं तर ‘मोटर रिपेअर’ला आकडा भरघोस दिसणार, त्यात वॉशिंग मशीनपासून गाडीपर्यंत सगळंच आलं. आणि शून्य म्हणजे कोणी शोधत नाही असं नव्हे, दाखवण्याइतकी नोंद नाही एवढंच. ऐन उन्हाळ्यात बोरची मोटर जळालेला गंगापूरचा शेतकरी त्या शून्यात असतो. तो भाव पाहत बसत नाही, थेट फोन लावतो.

‘नियर मी’ पानावर लिहून काहीही साधत नाही. शोधणारा कुठे आहे हे गूगल त्याच्या फोनवरून ओळखतं. स्थानिक निकाल सुसंगतता, अंतर आणि ठळकपणा (दुकान किती परिचित आहे) यांवर ठरतात, हे गूगलनेच सांगितलंय. वाळूजचं दुकान शब्द पेरून शहरातल्या सिडको वसाहतीत सरकत नाही.

दुकानाच्या नावात शब्द कोंबणं तर नियमाविरुद्धच. पाटीवर जे नाव, तेच गूगलवरच्या दुकानाच्या नोंदीत, म्हणजे बिझनेस प्रोफाइलवर हवं. नाहीतर प्रोफाइल बंद पडू शकतं. कीवर्ड टॅग रँकिंगसाठी पाहत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. तरी त्याचे पैसे घेणारे आहेत, हे विशेष.

वसाहतीचं नाव बदलून तोच मजकूर दहा पानांवर टाकणं गूगलच्या धोरणानुसार स्पॅम ठरतं. वाळूजला कारखान्यांच्या थ्री-फेज मोटरी आणि पैठणकडे शेतीच्या सबमर्सिबल, असं काम खरोखर वेगळं असेल तर दोन पानं जरूर करा.

गावाच्या नावाचं मात्र त्या फॉर्म्युल्यात अर्धंच सांगितलंय. २०२३ मध्ये नाव बदललं, बोटांची सवय तेवढ्याने बदलत नाही. कोणी ‘संभाजीनगर’ लिहितं, कोणी ‘औरंगाबाद’, कोणी रोमन लिपीत जमेल तसं. पत्त्यात नवं नाव आणि मजकुरात एखाद्या वाक्यात जुनंही येऊ द्या.

मग शब्द शोधायचे कुठे? गल्ल्यावर बसून फोन ऐका. ‘मोटर भरायला किती घेता?’, ‘बोरमधून काढूनही देता का?’, ‘पाच एचपीची उद्या मिळेल का?’ गिऱ्हाईक हे विचारतंय आणि वेबसाइटवर लिहिलंय ‘इंडस्ट्रियल रिवाइंडिंग सोल्युशन्स’! त्याला जोड म्हणून बिझनेस प्रोफाइलमध्ये लोकांनी काय टाइप केलं ते पाहा. आपली वेबसाइट कोणत्या शब्दांना दिसली हे सांगणारं गूगलचं टूल, सर्च कन्सोल, १६ महिन्यांपर्यंतची माहिती ठेवतं, म्हणजे गेला उन्हाळा आणि यंदाचा शेजारी ठेवून पाहता येतो. आणि महिन्याभरात पहिला नंबर देणाऱ्याला एवढंच विचारा: कुठल्या शब्दाला, आणि कुठे उभं राहून शोधल्यावर?