२५२० : चमत्कार कसला, साधा लसावि

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून पुन्हा उगवणारा एक फॉरवर्ड आहे. त्याचा मथितार्थ असा: २५२० ही एकमेव संख्या आहे जिला १ ते १० पैकी कशानेही भागलं तरी बाकी शून्य, ती म्हणजे ७ वार × ३० दिवस × १२ महिने, म्हणजेच आपल्या कालगणनेचं गूढ, आणि तिचा शोध रामानुजन यांनी लावला.

भाग जातो, हे खरं. 'एकमेव' मात्र साफ खोटं. दुप्पट करा, ५०४०. तिलाही १ ते १० नी भाग जातो. तिप्पट ७५६०, तिलाही. ही यादी कधी संपतच नाही. २५२० त्यांतली सगळ्यात लहान, इतकंच. यालाच शाळेत लसावि म्हणतात. ८ साठी तीन वेळा २ घ्या, ९ साठी दोन वेळा ३, मग एक ५ आणि एक ७. ८ × ९ × ५ × ७ = २५२०. ६ किंवा १० साठी वेगळं काही घ्यावं लागत नाही, त्यांचे अवयव आधीच आत आहेत. ११ ही हवा? २७७२० घ्या, १२ फुकट मिळतो. २० पर्यंत जायचं तर २३२७९२५६०.

आता वार आणि महिने. गुणाकार बरोबर आहे, पण वर्षाच्या दिवसांना आठवड्याच्या दिवसांनी गुणून नेमकं काय मोजलं? शिवाय वर्ष ३६० दिवसांचं नसतं. (चांद्रवर्षात तिथी ३६० असतात खऱ्या, पण दिवस साधारण ३५४, म्हणून तर अधिक मास.) ३६० ला १ ते १० पैकी फक्त ७ ने भाग जात नाही. तो ७ आठवड्याने पुरवला. गूढ उकललं.

रामानुजन यांचं नाव तर उगाच गोवलंय. प्लेटोने आपल्या आदर्श नगरीसाठी ५०४० हा आकडा निवडला, तो १ ते १० नी भाग जातो हे सांगूनच. म्हणजे ही गंमत दोन हजार वर्षांहून जुनी.

रामानुजन यांनी केलं ते याहून कितीतरी वरचं. आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांवर त्यांनी १९१५ मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला. त्याच कामावर १९१६ मध्ये केंब्रिजची पदवी मिळाली. २५२० या कुळातलीच, विभाजक ४८. पण त्यांची यादी जाते थेट ६७४६३२८३८८८०० पर्यंत, आणि तिचे विभाजक १००८०! हे सगळं संगणक नसताना. यादीतून एक संख्या निसटली: २९३३१८६२५६००. तिला २३ ने गुणून पाहा, यादीतली ती शेवटची संख्याच हाती येते.