नॅशनल पार्कात सायकल कशी हाणावी, आणि तिच्यापुढे कसं चालावं

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात रविवारी सकाळी सायकल भाड्याने घेणाऱ्या समस्त मंडळींना आणि त्याच रस्त्याने तब्येत कमवायला येणाऱ्या तमाम काका-काकूंना काही मोलाच्या सूचना. मुख्य दारापासून कान्हेरी लेण्यांकडे जाणारा डांबरी रस्ता साधारण सहा किलोमीटरचा आहे आणि तो फक्त तुमच्यासाठी बांधलेला आहे. ही गोष्ट दोन्ही पक्षांनी मनाशी पक्की केली की पुढचं सगळं आपोआप जमतं.

आधी सायकलवाले. सायकल निवडताना रंग बघावा, ब्रेक बघू नये. लिव्हर दाबल्यावर हँडलच्या दांड्याला टेकत असेल तर वायर सैल झालेली असते किंवा ब्रेकचं रबर झिजलेलं असतं. पूर्ण दाबल्यावरही मध्ये दोन बोटं जागा उरायला हवी, असं जाणकार सांगतात. जाणकारांना काय, ते वेळ घालवायलाच आलेले असतात. टायर अंगठ्याने दाबून बघायचा, चाक उचलून फिरवायचं आणि ते कुठे घासतंय का ते पाहायचं, सीट आपल्या उंचीला आणायची, या सगळ्याला मिळून दोन मिनिटं लागतात आणि भाडं तासावर असतं. एवढ्या वेळात चार सेल्फी होतात. घंटी नसली तर उत्तमच. देवाने घसा कशाला दिलाय?

जाताना एकूण चढ आहे. गियर कसे बदलायचे हे माहीत नसल्यामुळे पहिल्याच खड्या चढावर तुम्ही उतरून सायकल ढकलाल आणि शेजारून सत्तरीचे एक काका कापडी टोपी सावरत पुढे निघून जातील. हा अपमान विसरू नका. त्याचं उट्टं येताना काढायचं आहे.

येताना त्याच रस्त्याचा उतार होतो. पॅडल न मारताही सायकल ताशी २५ किलोमीटरचा वेग सहज पकडते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७ मीटर. समोर माणूस दिसला की बोटांनी ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो, तेवढ्यात ७ मीटर संपलेले असतात. मग कोरड्या डांबरावर, धड ब्रेक असतील तर, थांबायला आणखी सहा मीटर. एकूण तेरा. ताशी १५ च्या वेगाने हेच काम साडेसहा मीटरमध्ये होतं. पण वेग असा मोजूनमापून ठेवायचा तर उताराचा उपयोग काय?

पावसाळ्यात तर अजिबात काळजी नको. रिमवर आवळणारे ब्रेक ओले असले की चाकाचे पहिले काही फेरे रबर नुसतं पाणी पुसत बसतं, सायकल थांबत नाही. काही भित्रे लोक उतार लागायच्या आधीच ब्रेक हलके टेकवून रिम कोरडी करून घेतात. त्यांना हसावं. वळणावर कडेच्या हिरव्यागार शेवाळावरून अवश्य जावं. उन्हाळा लागताना साग आपली ताटाएवढी पानं रस्त्यावर टाकतो आणि खड्डा कुठे आहे हे गुपित ठेवतो. त्या पानांवर जोरात वळावं.

ब्रेक लावायची वेळ आलीच तर फक्त मागचा दाबा. पुढचा दाबला की कोलांटी उडते हे गल्लीतलं ज्ञान तुम्हाला लहानपणीच मिळालेलं आहे. खरं म्हणजे ब्रेक लावल्यावर वजन पुढे येतं, त्यामुळे थांबवायचं बरंचसं काम पुढचंच चाक करतं. कंबर थोडी मागे सरकवून दोन्ही ब्रेक हळूहळू आवळत नेले तर सायकल सरळ रेषेत थांबते. पण मागचं चाक सरपटत गेल्यावर जो किंचाळणारा आवाज होतो, त्याची मजा यात नाही.

आता घंटीचं शास्त्र. चालणारा माणूस ताशी पाचने जातो, तुम्ही पंधराने. वीस मीटर मागून घंटी वाजवली तर त्याला सात सेकंद मिळतात. तेवढ्यात तो वळून बघेल, बाजूला होईल, वर हसेलसुद्धा. यात काही नाट्य नाही. म्हणून घंटी तीन मीटरवर आल्यावर वाजवावी. मग काय होतं ते बघण्यासारखं असतं. चौघांचा घोळका फुटतो. कडेचे दोघे आपापल्या कडेला उडी मारतात. तिसरे डावीकडे जातात. चौथे आधी त्यांच्यामागे निघतात, मग बायको उजवीकडे आहे हे आठवून परत फिरतात आणि नेमके तुमच्या पुढच्या चाकासमोर येऊन थांबतात. बरं, माणूस ज्या खांद्यावरून मागे बघतो त्याच बाजूला त्याचे पाय सरकतात. तुम्ही उजवीकडून ओलांडणार आणि तेही मागे वळून बघणार उजव्याच खांद्यावरून! ‘उजवीकडून!’ असं ओरडलात तर आणखी छान, कारण घाबरलेल्या माणसाला त्यातलं फक्त ‘उजवी’ ऐकू जातं आणि तो इमानदारीत उजवीकडे सरकतो. ‘काका, मागून सायकल येतेय’ एवढंच म्हणून, वेग चालण्याइतका कमी करून, हातभर अंतर राखून जाणारे लोकही आहेत. त्यांची कुणाशी ओळख होत नाही, भांडणही होत नाही. काय मिळवलं?

चालणाऱ्यांनीही मागे राहू नये. हात हलवत चालणाऱ्या माणसाला पाऊण मीटर जागा लागते. चौघे एका ओळीत आले की तीन मीटर रस्ता ताब्यात येतो, आणि सोसायटीच्या पुनर्विकासाचा विषय एका ओळीत चालल्याशिवाय रंगत नाही. कार्पेट एरियावर मतभेद झाला की तिथेच थांबावं. थांबायला वळण उत्तम, कारण वरून येणाऱ्याला तुम्ही शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. दोन्ही कानांत इअरफोन हवेत. एकच कान मोकळा ठेवला तरी सायकलची टकटक ऐकू येते आणि भजनात व्यत्यय येतो.

गुडघ्यांसाठी उलटं चालण्याचा व्यायाम करणाऱ्यांनी उतारावरचाच भाग निवडावा. उलटं चालणारा मधोमध चालला पाहिजे, नाहीतर गटारात पडेल. मागून येणाऱ्या सायकलवाल्याशी त्याची नजरानजर होते, हा एकच काय तो तोटा. त्याने डावीकडे हात केला तर तो कुणाचा डावा, हे धडकेनंतर बसून ठरवता येतं.

सोबत मूल असेल तर त्याला रस्त्याच्या पलीकडे खेळू द्यावं आणि सायकल जवळ आली की हाक मारावी, ‘बाळा, इकडे ये!’ मूल आज्ञाधारक असतं, ते धावत सुटतं. मूल आहे तिथेच थांबवून आपण त्याच्याकडे जायचं असतं, हे बऱ्याच आई-बाबांना फार उशिरा कळतं. सायकल शिकणाऱ्या मुलाचंही तेच. ते जिकडे बघतं तिकडे त्याचं हँडल वळतं, म्हणून बाबांनी समोर काकांच्या घोळक्यात उभं राहून ‘माझ्याकडे बघ, माझ्याकडे बघ’ म्हणावं.

जंगलातल्या रहिवाशांबद्दल थोडक्यात. एक चितळ रस्ता ओलांडून गेलं की रस्ता मोकळा झाला असं समजून सुसाट सुटावं. त्याच्यामागे बहुधा आणखी तीन-चार असतात. वेफर्सची पिशवी हँडलला लटकवावी, म्हणजे ब्रेक लावायचं काम माकडं करतात.

आणि धडक झालीच तर घाबरून जाऊ नका. सायकलवाल्याने आधी सायकल उचलावी, पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ आहे का ते बघावं, कारण डिपॉझिट तिच्यावर आहे, काकांवर नाही. काकांचा तळहात खरचटून त्यात खडी रुतली असेल तर तो बाटलीतल्या स्वच्छ पाण्याने धुवायचा असतो. डोक्याला मार बसला असेल तर त्यांना ‘काही झालं नाही’ म्हणत उठवून चालायला लावायचं नसतं, बसवून ठेवून मदत बोलवायची असते. पण बाटलीतलं पाणी तुम्ही चढावरच संपवलेलं असतं आणि काका ‘काही झालं नाही’ म्हणत उठलेले असतात, कारण त्यांनाही चूक कुणाची हे ठरवण्याची घाई असते. पुनर्विकासवाले चौघे एव्हाना येऊन पोचतात. रस्त्याच्या मधोमध गोल करून ते दोन्ही बाजू ऐकून घेतात, आणि वरच्या वळणावरून पुढची सायकल येताना कुणाला दिसत नाही.