कॉन्व्हेंटमधे म्हातारे कोंबणार म्हणे!

चार दिवस झाले एकच मेसेज फिरतोय, आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तर तीनदा आला. थोडक्यात असा: परदेशात कॉन्व्हेंट शाळा बंद पाडून तिथं म्हाताऱ्यांना कोंबतायत, सगळा बिल्डरांचा डाव आहे, हे खूळ आता कोल्हापुरातपण येणार, संस्कृती वाचवा, पुढं पाठवा. पाठवणाऱ्यांत आमचे काकापण आहेत, म्हणून जरा जपून लिहितोय.

पहिलं, शाळेचं. आपल्याकडं कॉन्व्हेंट म्हटलं की टाय आणि इंग्लिश मिडियम डोळ्यासमोर येतं, पण कॉन्व्हेंट म्हणजे मुळात सिस्टर लोकांचं, म्हणजे ख्रिस्ती नन्सचं, राहायचं घर, शाळा शेजारी असली तर असली. आणि ते घर कुणी बंद पाडलं नाही, राहायला माणसंच उरली नाहीत. अमेरिकेत 1965 च्या सुमारास 1 लाख 80 हजारांच्या आसपास नन्स होत्या, आता 40 हजारांच्या आत, त्यातल्यापण बहुतेक वयस्कर. साठ खोल्यांत आठ जणी राहायला लागल्या तर गळकं छप्पर कोण दुरुस्त करणार सांगा की. मग काही ठिकाणी सिस्टर लोकांनीच ठरवून जागा ज्येष्ठांच्या नि कमी पगारवाल्यांच्या घरांसाठी दिली. इमारत तशी सोयीचीच, रांगेनं खोल्या, मोठं स्वयंपाकघर, पंगतीचा हॉल, मागं झाडं.

आता "कोंबतायत". वृद्धाश्रम वेगळा नि हे वेगळं. इथं किल्ली आपली, भाडं आपण भरायचं, चहा आपला आपण करायचा, फक्त हाक मारली तर ओ द्यायला शेजारी कुणीतरी असतं एवढंच. माझी आत्या मंगळवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते, लिफ्ट नाही, पोरगं पुण्यात, गुडघ्यांमुळं खाली उतरणं बंद झालंय त्यामुळं अंबाबाईचं दर्शन टीव्हीवर, पण पुण्याला चल म्हटलं की म्हणते गाव सोडून मी येणार नाही. तिला पाच मिनिटांवर तळमजल्याची खोली मिळाली तर संस्कृती बुडेल व्हय?

आणि संस्कृतीचंच म्हणाल तर आईबापाला पोटगी द्या हे सांगायला 2007 ला आपल्या देशाला कायदा करावा लागला. त्याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी निदान एक निवास असावा असंपण लिहिलंय. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरात जवळजवळ दहा माणसं साठीच्या वरची होती, आता जास्तच असतील.

जुन्या वास्तूचा वापर बदलला की पाप, हे तर कोल्हापूरकरानं बोलूच नये. टाऊन हॉलात 1949 पासून म्युझियम आहे, शालिनी पॅलेसचं 1987 ला हॉटेल झालं. आणि एका छपराखाली स्वयंपाकघर नि खोल्या म्हणाल तर शाहू महाराजांनी 1901 पासून बोर्डिंगं काढली ती दुसरं काय होती? तिथं पोरं होती, इथं आजीआजोबा.

बिल्डरचं मात्र पटतंय थोडं. ज्येष्ठांचं नाव पुढं करून मागं टॉवर उभा राहू शकतो, राव. पण जागा रजिस्टर्ड पब्लिक ट्रस्टची असेल तर विकायला किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त लीजवर द्यायला चॅरिटी कमिशनरची परवानगी लागते, महाराष्ट्राच्या पब्लिक ट्रस्ट कायद्याचं कलम 36. तो कागद मागा. मेसेजात तर कोल्हापुरातली कुठली जागा, कोण घेतंय, काहीच नाही.

मला विचाराल तर भांडायचं असलं तर संडास-बाथरूमवरून भांडा. जुन्या कॉन्व्हेंटात ते कॉरिडॉरच्या टोकाला असतात, रात्री दोनला ऐंशीच्या माणसानं तेवढं चालायचं का? व्हीलचेअर मावेल अशी लिफ्ट बसणार का? आणि जागा पूररेषेच्या आत का बाहेर? 2019 नि 2021 ला पंचगंगेनं काय केलं ते बघितलंय आपण, तळमजल्यावरच्या आजोबांना बोटीत बसवायची वेळ यायला नको.