पेल्यातले मीठ वर का चढते?

काचेच्या पेल्यात एक तृतीयांश खडेमीठ घ्यावे, त्यावर थोडे व्हिनेगर आणि पाणी ओतून पेला घराच्या कोपऱ्यात 24 तास ठेवावा. मीठ काठाकडे चढले, बुडबुडे आले किंवा पाणी गढूळ झाले तर घरात नकारात्मक ऊर्जा आहे असे समजावे आणि मीठ चढायचे थांबेपर्यंत हा उपाय पुन्हा पुन्हा करावा, असा संदेश व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतो. मीठ चढते, हे खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र एकाही मुद्द्यावर टिकत नाही.

आधी मीठ चढण्याविषयी. नेहमीच्या तापमानाला 100 मिलिलिटर पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मीठ विरघळते. संदेशातले प्रमाण त्याहून जास्त असल्याने तळाशी मीठ शिल्लक राहते आणि द्रावण संपृक्त होते, म्हणजे त्यात आणखी मीठ विरघळू शकत नाही. पाणी काचेला धरून राहते, त्यामुळे पेल्याच्या कडेला ते किंचित वर उचललेले दिसते. तिथला थर अगदी पातळ असल्याने त्यातले पाणी लवकर उडून जाते आणि मिठाचे बारीक स्फटिक काचेवर बसतात. मग त्या स्फटिकांमधल्या फटींतून, समईच्या वातीतून तेल चढावे तसे, खालचे द्रावण वर ओढले जाते, तेही सुकते आणि थर आणखी वर सरकतो. पुरेसे दिवस मिळाले तर हा पांढरा खरखरीत थर काठ ओलांडून पेल्याच्या बाहेरच्या अंगानेही उतरतो.

बुडबुड्यांचे कारण याहून साधे आहे. मिठाच्या खड्यांमध्ये हवा अडकलेली असते, शिवाय पाण्यात मीठ विरघळू लागले की आधी विरघळलेली हवा काही प्रमाणात बाहेर पडते. मिठात कार्बोनेटचा अंश असेल तर व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लामुळे कार्बन डायऑक्साइडही तयार होतो. गढूळपणा येतो तो खडेमिठातल्या मातीमुळे आणि न विरघळणाऱ्या क्षारांमुळे.

‘मीठ चढायचे थांबले म्हणजे घर शुद्ध झाले’ हा दावा सर्वांत फसवा आहे, कारण मीठ किती चढेल हे हवेवर ठरते. सापेक्ष आर्द्रता (हवेत जास्तीत जास्त मावू शकणाऱ्या ओलाव्यापैकी प्रत्यक्षात असलेला ओलावा) साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की संपृक्त द्रावणातले पाणी उडत नाही, उलट ते हवेतला ओलावा शोषून घेते. म्हणून विदर्भात मे महिन्यात भराभर चढणारे मीठ कोकणात जुलैच्या पावसात जागचे हलणार नाही, आणि एकाच घरात पंख्याखालचा पेला व बंद खोलीतला पेला वेगवेगळे निकाल देतील. अशा निकालावरून घरातल्या माणसावर, विशेषतः नव्या सुनेवर, संशय घेतला जाऊ शकतो, म्हणून हा संदेश निरुपद्रवी मानून पुढे पाठवणे मला मुळीच योग्य वाटत नाही.

ज्यांना खात्री करून घ्यायची आहे त्यांनी कोरड्या दिवसांत एकाच कोपऱ्यात, एकाच मिश्रणाचे तीन पेले शेजारी शेजारी ठेवावेत: एक उघडा, एक घट्ट झाकलेला, आणि एकाला पाण्याच्या पातळीच्या वर आतून व्हॅसलिनचा जाड पट्टा लावलेला. उघड्या पेल्यात मीठ वर चढेल, झाकलेल्यात जवळजवळ चढणारच नाही आणि तिसऱ्यात ते व्हॅसलिनपाशी अडेल.